सांगोवांगी नको, कागद पाहा



सन २०१७ चा खरीप यवतमाळ जिल्हा विसरायचा नाही. त्या हंगामात उंच वाढलेल्या पऱ्हाटीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली, काहींचा जीव गेला. पारावर चर्चा पुष्कळ झाली. कोणी म्हणे औषध जहाल, कोणी म्हणे वारा उलटा, कोणी म्हणे मजुराने तोंडाला फडके बांधले नाही. यातले खरे किती? दोष कोठे ठरतो, यावर भरपाईही अवलंबून असते आणि पुढच्या हंगामातली काळजीही. जगण्याचा हक्क आपल्या घटनेच्या २१ व्या कलमात आहे. पण तो मागायला गेलात की सांगोवांगी चालत नाही, कागद लागतो. तो शोधायचा कसा, एवढेच आज पाहू.

आधी प्रश्न नेमका करा. नुसते ‘शेतकऱ्यांचे हाल’ असे शोधणे म्हणजे आभाळाला गवसणी घालणे. त्याऐवजी ‘फवारणी, विषबाधा, यवतमाळ, २०१७’ असे चार शब्द धरा. याच अर्थाचे इंग्रजी शब्द गुरुजींकडून लिहून घ्या, कारण अभ्यासकांचे बहुतेक लेख इंग्रजीत असतात.

मग सरकारी कागद पाहा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ च्या कायद्याने स्थापन झाला. यवतमाळच्या या मृत्यूंची त्याने २०१७ मध्ये स्वतःहून दखल घेऊन सरकारला नोटीस काढली होती. आयोगाचे वार्षिक अहवाल आणि उच्च न्यायालयाचे निकाल संगणकावर फुकट वाचता येतात. कीटकनाशकांचा १९६८ चा कायदाही वाचून ठेवा. डब्यावरचा रंगीत त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.

तिसरे, अभ्यासकांचे लेख. गूगल स्कॉलरमध्ये शब्द टाका. दोन शब्द जोडीनेच हवे असतील, तर त्यांना अवतरणचिन्हांत घाला. चांगला लेख सापडला, की त्याचा आधार पुढे कोणी घेतला, तेही तेथेच दिसते. एका धाग्याने दुसरा हाती लागतो. वैद्यकीय लेखांसाठी पबमेड आहे. विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात मिळतात. मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ शेतीच्या प्रश्नांवर वर्षानुवर्षे लिहीत आले आहे. एखाद्या लेखाला पैसे मागितले, तर हिरमुसू नका. त्याची मोफत प्रत दुसरीकडे आहे का पाहा, नाहीतर लेखकालाच नम्रपणे पत्र टाका. पुष्कळजण प्रत पाठवतात.

चौथे, सापडले ते पारखून घ्या. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण एका गावावरून जिल्ह्याची होत नाही. लेख कोणी लिहिला? पैसा कोणाचा? किती माणसांना विचारले? आकडा कोणत्या तारखेपर्यंतचा? ऑक्टोबरातला मृतांचा आकडा आणि हंगाम संपल्यावरचा आकडा वेगळा निघाला, तर लगेच कोणाला खोटे म्हणू नका. आधी तारखा पाहा. नुसता सारांश वाचून मत बनवू नका.

आणि कागद कोठेच सापडला नाही, तर? माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे, आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल, तर ४८ तासांत.

एक गोष्ट मात्र पाळा. आजारी माणसाचे नाव आणि त्याच्या दुखण्याचे कागद त्याला विचारल्याशिवाय चव्हाट्यावर आणू नका. हक्कासाठी झगडताना दुसऱ्याचा हक्क तुडवायचा नाही.

या कागदांचा पल्ला लांबचा असतो. यवतमाळच्या ५१ बाधितांची तक्रार २०२० साली थेट स्वित्झर्लंडमध्ये दाखल झाली. शिक्षक मित्रहो, वर्गात एक वही घाला. मुलांना सांगा, की प्रत्येक माहितीपुढे ती कोठून मिळाली, कोणी लिहिली आणि कोणत्या तारखेची, हे लिहायचे. उद्या गावातल्या एखाद्या मजुराच्या घरी भरपाईचा प्रश्न उभा राहिला, तर हीच वही त्याच्या उपयोगी पडेल.