वृक्षांचे शेजार आणि त्यांचे आनुवंशिक नाते

एका रानातील एकाच जातीचे वृक्ष आनुवंशिक दृष्ट्या एकजिनसी असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तसे क्वचितच आढळते. वनस्पती जागा सोडू शकत नाही. तिची जनुके केवळ दोन प्रसंगी प्रवास करतात, एकदा परागाबरोबर व पुन्हा बीजाबरोबर. हे प्रवास बहुधा अल्प अंतराचे असतात. त्यामुळे जमीन व हवामान सर्वत्र सारखे असले, तरीही निकटच्या वृक्षांत नाते अधिक व दूरच्या वृक्षांत कमी, अशी रचना कालांतराने आपोआप निर्माण होते.

अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९४३ साली या घटनेचे गणिती विवेचन केले. ज्या क्षेत्रातील जनक परस्परांत जणू मुक्तपणे संकर करतात, त्यास त्यांनी ‘शेजार’ मानले. या शेजाराचा आकार वृक्षांच्या घनतेच्या आणि जनक-अपत्य अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. उदाहरणार्थ, हेक्टरी १० वृक्ष व २० मीटरचे प्रमाणित अंतर गृहीत धरल्यास शेजारात सुमारे ५ वृक्ष येतात. तेच अंतर २०० मीटर धरल्यास सुमारे ५०० येतात.

भाषेच्या अभ्यासकांस हे तत्त्व अपरिचित वाटणार नाही. बारा कोसांवर भाषा बदलते, ही उक्ती सर्वश्रुतच आहे. झां सेगी यांनी १९७१ साली गॅस्कनीतील बोलींविषयी असे दाखविले, की शब्दभेद अंतराबरोबर आरंभी झपाट्याने व पुढे मंद गतीने वाढत जातात. तथापि हे साम्य मर्यादित आहे. मनुष्य एका आयुष्यात दुसरी बोली आत्मसात करू शकतो. वृक्षाची जनुके मात्र जन्मतःच ठरलेली असतात.

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ज्या पूर्व विदर्भात वसले आहे, तेथील तीन परिचित वनस्पतींवरून या तत्त्वाचे भिन्न परिणाम स्पष्ट होतात. धान मुख्यतः स्वपरागित आहे. म्हणून लगतच्या दोन बांध्यांतील वाण पिढ्यान्‌पिढ्या वेगळे राहू शकतात. त्यांची सरमिसळ वाऱ्यापेक्षा बियाण्याच्या देवघेवीने अधिक होते. येथे जनुकांचा वाहक शेतकरीच होय.

मोहाची स्थिती याच्या उलट आहे. त्याच्या मांसल फुलांवर रात्री वटवाघळे येतात व पराग एका वृक्षाकडून दुसऱ्याकडे नेतात. फळेही ती दूरवर वाहून टाकतात. साहजिकच मोहाचा शेजार विस्तीर्ण असण्याचा संभव अधिक. परंतु फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यात रोपे नष्ट होतात. बांधांवर उरलेले जुने मोह अशा रीतीने पूर्वीच्या रानाची रचना काही अंशी जपून ठेवतात; तिची पुढील पिढी मात्र तेथे उभी राहत नाही.

तेंदूचा प्रकार अधिक फसवा आहे. त्याच्या मुळांपासून फुटवे निघतात. विडीच्या पानांसाठी झुडपे छाटली, किंवा वणवा लागून गेला, म्हणजे फुटव्यांस जोर येतो. परिणामी शेकडो झुडपांचा एखादा ताटवा वस्तुतः एकाच मूळ रोपाचा विस्तार, म्हणजे एकच कृंतक, असू शकतो. शिवाय तेंदूची नर व मादी झाडे वेगळी असतात. नर कृंतकाच्या ताटव्यास फळ धरणार नाही, आणि मादी ताटव्यास दुरून पराग आणावा लागेल. झुडपांची संख्या मोजून समष्टीची विविधता अजमावणे येथे चुकीचे ठरेल.

या विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व उघड आहे. रोपवनासाठी एकाच ठिकाणच्या चार झाडांचे बी गोळा केल्यास नवे रान सख्ख्या-चुलत भावंडांचे होते. पुढे त्यांच्यात संकर होऊन परपरागित जातींची जोमदार वाढ व बीजधारणा घटण्याची भीती असते. म्हणून बी अनेक मातृवृक्षांवरून, त्या जातीच्या शेजारापेक्षा अधिक अंतर राखून, घ्यावयास हवे. संशोधनासाठी नमुने घेतानाही प्रत्येक झाडाचे स्थान नोंदविणे आवश्यक आहे. कारण स्थानाची नोंद नसल्यास नात्याचा उलगडा अपुरा राहतो.