मास्टर कोण, स्लेव्ह कोण: नेटवर्कवरची घड्याळं जुळवताना

मागच्या भागात आपण एनटीपी पाहिलं. कार्यालयातल्या संगणकांना ते पुरतं, कारण एखाद्या मिलिसेकंदाचा फरक तिथे कुणाला जाणवत नाही. वीज उपकेंद्रात मात्र तोच मिलिसेकंद महागात पडतो. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एक मिलिसेकंद चुकला की मोजमापात १८ अंशांचा फरक दिसतो. दोन टोकांचे करंट ताडून पाहणाऱ्या रिलेला वाटेल की लाइनमध्ये बिघाड झालाय, आणि तो चांगली चालती लाइन तोडून मोकळा होईल. म्हणून तिथे पीटीपी लागतं. हे आयईईई १५८८ मानक; पहिली आवृत्ती २००२ची, आज सर्वाधिक चालते ती २००८ची.

आधी गणित बघू, सोपं आहे. मास्टरने आपल्या घड्याळात १००० मायक्रोसेकंद असताना ‘सिंक’ संदेश सोडला. स्लेव्हला तो मिळाला तेव्हा त्याच्या घड्याळात १०६५ होते. मग स्लेव्हने ११००ला उलट संदेश पाठवला, तो मास्टरकडे १०४५ला पोचला. जाताना फरक ६५, येताना उणे ५५. दोन्हींची बेरीज करून निम्मे केले की ५, हा झाला वाटेतला वेळ. वजाबाकी करून निम्मे केले की ६०, म्हणजे स्लेव्ह ६० मायक्रोसेकंद पुढे आहे. झालं!

पण यात एक गृहीत दडलंय: जायला जितका वेळ, तितकाच यायला. फायबरमध्ये प्रकाशाला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. एका दिशेचा फायबर २०० मीटर लांब असला तर १००० नॅनोसेकंदांची तफावत पडते, आणि निम्मी, म्हणजे ५०० नॅनोसेकंदांची चूक थेट घड्याळात शिरते. प्रोटोकॉलला ही चूक स्वतःहून कळूच शकत नाही. ती मोजून हातानेच भरावी लागते.

आता मांडणी. मास्टर कोण, हे ‘बेस्ट मास्टर क्लॉक’ या पद्धतीने ठरतं. सगळी उपकरणं आपापली माहिती जाहीर करतात आणि ती ठरलेल्या क्रमाने ताडली जाते: आधी प्रायॉरिटी-१, मग क्लॉक क्लास, अचूकता, स्थिरता, त्यानंतर प्रायॉरिटी-२, शेवटी उपकरणाची ओळख. आकडा लहान तो श्रेष्ठ. दोन्ही प्रायॉरिटी मुळात १२८ असतात.

इथे बरेच जण मुख्य जीपीएस घड्याळाला प्रायॉरिटी-१ मध्ये १० आणि राखीव घड्याळाला २० देतात. दिसायला नीटनेटकं, पण मला हे पटत नाही. उद्या मुख्य घड्याळाच्या अँटेनावर वीज पडली की त्याचा क्लास ६ वरून घसरेल, पण क्लासची पाळी यायच्या आधीच १० आणि २० मध्ये निकाल लागलेला असेल. भरकटत जाणारं घड्याळ मास्टर म्हणून बसून राहील आणि शेजारचं धडधाकट घड्याळ गप्प राहील. त्याऐवजी दोघांनाही प्रायॉरिटी-१ सारखाच द्या आणि मुख्य-राखीव हा भेद प्रायॉरिटी-२ ने करा. मग अँटेना गेली की क्लास आपोआप पारडं फिरवतो.

बाकीच्या उपकरणांना ‘फक्त स्लेव्ह’ करून टाका. नाहीतर कुणाचा तरी लॅपटॉप लहान प्रायॉरिटी घेऊन नेटवर्कवर येईल आणि सगळे रिले त्याचं ऐकू लागतील. (२०२२च्या दुरुस्तीत या शब्दांना ‘टाइम ट्रान्समीटर’ आणि ‘टाइम रिसीव्हर’ असे पर्याय आले आहेत, नव्या मेनूत ते दिसले तर गोंधळू नका.)

डोमेन क्रमांक दोन्हीकडे एकच हवा. वाटेतला वेळ मोजायची पद्धतही एकच हवी. उपकेंद्राच्या प्रोफाइलमध्ये ती पीअर-टू-पीअर असते. एका बाजूला एंड-टू-एंड राहिलं तर संदेश येताना दिसतात, पण स्लेव्ह काही लॉक होत नाही. शिवाय मधले स्विच साधे नकोत. साध्या स्विचच्या रांगेत पॅकेट किती थांबेल याचा नेम नसतो. ट्रान्स्परंट क्लॉक असलेला स्विच तो थांबलेला वेळ मोजून संदेशातच लिहितो.

लिनक्सवर पीटीपी४एल चालवत असाल, तर आधी नेटवर्क कार्ड हार्डवेअरमध्ये वेळेचा शिक्का मारतं का ते इथटूलने तपासा. मग लॉगमध्ये एस-० म्हणजे अजून जुळलं नाही, एस-१ म्हणजे एकदम उडी मारून जुळवलं, एस-२ म्हणजे लॉक. एस-२ आलं, ऑफसेट नॅनोसेकंदांत खेळतोय, तरी संगणकाचं घड्याळ बरोबर ३७ सेकंद पुढे दिसलं तर केबल उपटू नका. पीटीपी टीएआय वेळ पाठवतं आणि ती २०१७ पासून यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे. तो फरक वजा करायची सेटिंग राहिलेली असते, एवढंच.