मत हरवते ते केंद्रावर नव्हे, यादीत

लोकसभेची निवडणूक जाहीर झाली की सीमाभागातील गावे एकदम जागी होतात. पारावर, दूध डेअरीच्या कट्ट्यावर, एस.टी.च्या थांब्यावर चर्चेला ऊत येतो. कोण उभा राहिला, कोणाची हवा आहे, कोणी कोणाला पाठिंबा दिला, यावर रात्ररात्र खल होतो. आणि मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी कोणीतरी हातात जुने ओळखपत्र घेऊन हताशपणे उभा असतो. "गेल्या वेळी होते, यंदा माझे नावच नाही!"

त्या घटकेला त्याला कोणीही मदत करू शकत नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची तारीख उलटली की निवडणूक पार पडेपर्यंत यादीत नवे नाव घालता येत नाही, असा १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचा स्पष्ट दंडक आहे. म्हणजे ते मत केंद्रावर हरवलेले नसते, ते कित्येक महिने आधी यादीतच हरवलेले असते. मतदार जागृती म्हणून आपल्याकडे जे काही चालते, त्याने नेमकी ही गोष्ट लोकांच्या मनावर ठसवली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

निवडणूक आयोगाने २००९ पासून मतदार जागृतीचा पद्धतशीर कार्यक्रम हाती घेतला. २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिन म्हणून पाळला जातो. प्रभातफेऱ्या निघतात, रांगोळ्या काढल्या जातात, शपथा होतात. हे वाईट आहे असे कोण म्हणेल? पण शपथ घेणाऱ्याचे नाव यादीत आहे काय, आणि फलकावरचा मजकूर गावातल्या आजीला वाचता येतो काय, हे दोन प्रश्न कोणी विचारत नाही.

एका मताचे मोल

"माझ्या एका मताने काय होणार?" हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. त्याला उत्तर बेळगावनेच दिले आहे. २०२१ साली झालेल्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत विजयी उमेदवाराचे मताधिक्य होते अवघे ५,२४०. या मतदारसंघात आठ विधानसभा क्षेत्रे येतात. म्हणजे एका क्षेत्रामागे सरासरी ६५५ मते! चार-पाच गावांतल्या गळालेल्या नावांची बेरीज केली तरी हा आकडा गाठता येईल. निकाल कोणाच्या बाजूने लागला हा येथे मुद्दा नाही. गळालेली नावे निकाल फिरवू शकतात, हा मुद्दा आहे.

याच मतदारसंघात १९९६ साली ४५६ आणि २०१९ साली ५७ उमेदवार रिंगणात होते. ५७ उमेदवार आणि 'नोटा' धरून ५८ बटणे झाली. एका मतदान यंत्रावर १६ बटणे मावतात. म्हणजे मतदारापुढे चार यंत्रे ओळीने मांडलेली. ज्याला अक्षर ओळख नाही, ज्याची नजर अधू आहे, त्याला कोणत्या यंत्रावर कितवे बटण हे आधी कोणी सांगितले नसेल तर तो तेथे गोंधळणारच.

नावे का गळतात?

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली होती. कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच त्यांची नोंद होती. आज तसे होत नाही, पण सुनांचे नाव आजही मागे राहते. चंदगड, गडहिंग्लज, कागलच्या मुली बेळगाव, खानापूर, निपाणीकडे दिल्या जातात, इकडच्या तिकडे जातात. लग्न दोन घरांत होते, पण नाव मात्र दुसऱ्या राज्याच्या यादीत पडून राहते. माहेरचे नाव तसेच ठेवून सासरी नवे नोंदवले तर दुबार नोंद होते, आणि खोटे निवेदन देणे हा गुन्हा आहे. २०२२ पासून सोय सोपी झाली आहे. नाव प्रथमच घालायचे असेल तर नमुना ६. पत्ता बदलला, नाव चुकले, ओळखपत्र हरवले, तर नमुना ८. मयताचे किंवा दुबार नाव काढायचे तर नमुना ७. एवढे तीन आकडे प्रत्येक घरात पाठ असावेत.

दुसरे कारण लिपीचे. मराठी शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत नाव 'डी-एन-वाय'ने सुरू होणारे ज्ञानेश्वर, तर कन्नड उच्चाराप्रमाणे उतरवलेले तेच नाव 'जे-एन'ने सुरू होते. माणूस एकच, कागदावर मात्र दोन! कुठे बाळकृष्णाचा बाळू होतो, कुठे आडनाव आधी येते. ओळखपत्र आणि यादी यांतला असा फरक केंद्रावर वादाला कारण होतो. तो आधीच नमुना ८ भरून मिटवावा.

तिसरे कारण पोटापाण्याचे. आपली तरुण पोरे गोव्यात, कोल्हापुरात, पुण्यात कामाला आहेत. कामासाठी तात्पुरते बाहेर राहिल्याने गावचे मतदारपण जात नाही, असे कायदा सांगतो. पण घराला कुलूप दिसले की नाव धोक्यात येते. घरी पाहणीला येणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला शेजाऱ्यांनी खरी माहिती दिली पाहिजे. मतदानादिवशी कामगाराला पगारी सुटीचा हक्क कायद्याने दिला आहे, हेही या पोरांना ठाऊक असू द्या.

यादीत एकदा चढलेले नाव कायमचे राहते, अशा भ्रमात तर कोणी राहूच नये. २०२५ मध्ये बिहारमध्ये यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून ती गोवा, गुजरात, मध्य प्रदेशासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली. पणजी, बडोदे, इंदूर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही तेव्हा अर्ज भरून द्यावे लागले.

भाषेचा हक्क, भाषेची मदत

मतदारयादी कोणत्या भाषेत असावी हे निवडणूक आयोग ठरवतो, असे १९६० च्या मतदार नोंदणी नियमांत म्हटले आहे. मतपत्रिकेच्या भाषेचेही तसेच. जेथे एखाद्या भाषेचे लोक किमान १५ टक्के आहेत तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे मान्य झालेले सूत्र आहे. गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या भाषेत देण्याचा हक्क घटनेचे ३५० वे कलम देते. तेव्हा मराठीतून यादी आणि मराठीतून सूचना मागणे ही कोणाची मेहरबानी नव्हे. ती मागणी लेखी करावी, पोच घ्यावी.

पण मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे काय? आज गावातील शाळकरी मुलांना कन्नड वाचता येते. त्यांनी कन्नड यादी गावापुढे मोठ्याने वाचून दाखवावी. त्यात कमीपणा नाही. आपला हक्क राखण्यासाठी जी लिपी उपयोगी पडेल ती आपली.

खानापूर तालुक्याची तर आणखी एक अडचण आहे. जिल्हा बेळगाव, पण लोकसभेचा मतदारसंघ उत्तर कन्नड, त्याचे मुख्य ठिकाण कारवार. निपाणीचा मतदार चिकोडी मतदारसंघात मोडतो. आपला खासदार कोण, आपले उमेदवार कोण, याबद्दलच जेथे घोटाळा होतो तेथे शिक्षणाची सुरुवात नकाशापासूनच करावी लागेल.

गावाने काय करावे?

पुढील लोकसभा निवडणूक २०२९ मध्ये अपेक्षित आहे. वेळ भरपूर आहे, म्हणूनच ती वाया जाण्याची भीती अधिक. आम्ही साधा आराखडा सुचवतो.

१ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या वर्षातील चार तारखा नोंदणीसाठी धरल्या जातात. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. तरुण मंडळाने या चार तारखांच्या आधी घरोघर फिरावे. प्रारूप यादी लागली की देवळात किंवा शाळेत तिचे जाहीर वाचन करावे. सुना कोण आल्या, मुली कोण गेल्या, कोण वारले, हे महिला मंडळाइतके कोणालाच ठाऊक नसते, म्हणून ते काम त्यांच्याकडे द्यावे. हे सारे करताना कोणत्याही पक्षाचा झेंडा मध्ये येऊ देऊ नये. झेंडा आला की अर्धे गाव दूर होते.

निवडणूक जाहीर झाल्यावर दुसरा टप्पा. ८५ वर्षांवरील वृद्ध आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानासाठी नमुना १२-डी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. नुसती मतदार चिठ्ठी ओळखीसाठी २०१९ पासून चालत नाही. ओळखपत्र नसेल तर आधार, रोजगार हमीचे जॉबकार्ड, फोटो असलेले बँक पासबुक असा मान्य कागद न्यावा. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती पाहावी. आपल्या नावावर कोणी आधीच मत टाकून गेला असेल तर परत न फिरता प्रदत्त मतपत्रिका मागावी. शंका असल्यास १९५० या क्रमांकावर फोन करावा.

आणि तिसरा टप्पा विचाराचा. प्रत्येक उमेदवाराचे मालमत्तेचे आणि गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र जाहीर होते. ते मराठीत उतरवून गावात लावावे. खासदाराकडे गटार मागू नये, ते ग्रामपंचायतीचे काम. भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांचा अहवाल घटनेच्या ३५०-ब कलमाप्रमाणे संसदेपुढे ठेवला जातो. आमच्या शाळा, आमची कागदपत्रे, आमच्या भाषेतील सूचना यांचे प्रश्न त्या अहवालाच्या निमित्ताने लोकसभेत कोण मांडणार, हे दाराशी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे. पाकीट देणारा आणि घेणारा दोघेही कायद्याने गुन्हेगार ठरतात. पाकीट घेतलेल्या हाताला हा प्रश्न विचारता येत नाही, हा त्याहून मोठा तोटा.

सीमाभागाने आपले म्हणणे मांडण्यासाठी पुष्कळ मार्ग चोखाळले. मतपेटीचा मार्ग त्यांत सर्वांत जुना आणि सर्वांत शांत. कोणाला मत द्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण मतदानाच्या दिवशी "माझे नावच नाही" असे आपल्या गावात एकालाही म्हणावे लागू नये, एवढी जबाबदारी गावाने घ्यायला हवी. येत्या तिमाहीच्या तारखेआधी यादी आणा आणि वाचायला बसा.