गच्ची भरली तेव्हा

गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. दिवसअखेर चार पाकिटं भरली. भांडवल ८० रुपयांचं आणि तेही उसनं. त्यातून उभ्या राहिलेल्या श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेच्या आज सुमारे ४५ हजार बायका सभासद आहेत, आणि वर्षाची उलाढाल हजार कोटींच्या पुढे गेली आहे. ही गोष्ट बहुतेक वेळा त्या ८० रुपयांच्या चमत्काराची म्हणून सांगितली जाते. पण उसन्या पैशावर सुरू झालेले आणि दोन वर्षांत बंद पडलेले धंदे मुंबईच्या प्रत्येक गल्लीत सापडतील. लिज्जत टिकली ती पहिल्या सात-आठ वर्षांत घेतलेल्या मोजक्या निर्णयांमुळे. ते घेणाऱ्या बायकांचं शिक्षण बेताचं होतं. सल्ल्याला एक-दोन जाणती माणसं होती, एवढंच.

जसवंतीबेन पोपट, पार्वतीबेन थोडानी, उजमबेन कुंडलिया आणि त्यांच्या चार शेजारणी. घरकाम उरकलं की दुपार मोकळी असायची आणि हाताला पापडाची सवय होती. पैसे दिले छगनलाल करमसी पारेख यांनी. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीशी जोडलेल्या या समाजसेवकाला सगळे छगनबापा म्हणत. पैशांपेक्षा त्यांचा सल्ला अधिक कामाला आला. सुरुवातीला बायका दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक जरा स्वस्तातला. छगनबापांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा आणि ती उत्तम ठेवा. दुसरं, हिशेब चोख लिहा, हा धंदा आहे हे विसरू नका. देणगी मागायची नाही, तोटा झाला तरी कुणापुढे हात पसरायचा नाही, हे बायकांनी आधीच ठरवलं होतं.

स्वस्त प्रत बंद करणं कागदावर सोपं दिसतं. पहिल्या वर्षी एकूण विक्री ६,१९६ रुपयांची झाली. एवढ्याशा धंद्यात स्वस्त मालाचं गिऱ्हाईक सोडून देणं म्हणजे हातातली रोकड सोडणं होतं. मोडके, तुटके पापडसुद्धा त्या विकत नसत, शेजारीपाजारी वाटून टाकत. पुढे हजारो घरांत लाटलेला पापड एकाच नावाखाली विकला जाणार होता, आणि त्या नावाचा अर्थ गिऱ्हाइकाच्या मनात एकच असणं गरजेचं होतं. त्याची तयारी नकळत याच वर्षी झाली.

मग पावसाळा आला. पापड वाळेनात, आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. वाळवणाला ऊन लागतं हे प्रत्येक घराला ठाऊक असतं; ऊन नसताना वर्षाचा तिसरा हिस्सा कमाई का बुडवायची, हा प्रश्न मात्र धंदा करणाऱ्यालाच पडतो.

खरी कसोटी लागली ती जागेची. दुसऱ्या वर्षी बायकांची संख्या शंभराच्या पुढे गेली, तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तीनशेच्या. गच्चीत मावेना. लहान उद्योगाच्या आयुष्यात हा क्षण हमखास येतो: मागणी आहे, काम करणारे हात आहेत, आणि छप्पर पुरत नाही. तेव्हा तीन वाटा दिसतात. नव्या बायकांना नाही म्हणायचं. कर्ज काढून शेड घ्यायची. किंवा पापड लाटायचं यंत्र शोधायचं. या बायकांनी यातली एकही धरली नाही. त्यांनी भिजवलेलं पीठ वाटून दिलं आणि लाटणं घरोघरी नेलं. पापड घरी लाटायचे, वाळवायचे आणि परत आणून द्यायचे. वजन आणि पाकिटं भरणं एका ठिकाणी.

पापडात चव कुठे ठरते, हे ज्यांनी घरी उडदाचे पापड केले आहेत त्यांना सांगायला नको. उडदाचं पीठ, मीठ, पापडखार, हिंग, मिरी यांचं प्रमाण, पीठ किती घट्ट भिजवलं, किती कुटलं, सारं त्यावर. जमलेल्या डांगराची लाटी तेलात बुडवून तोंडात टाकली की पापड कसा होणार हे कळतं. लाटणाऱ्या हाताकडे जाडी, गोलाई आणि स्वच्छता राहते. ही कामं महत्त्वाचीच, पण डोळ्यांनी आणि तराजूनं तपासता येतात. चव अशी परत आलेल्या मालात दुरुस्त करता येत नाही. म्हणून चव ठरवणारं काम संस्थेनं स्वतःच्या हातात ठेवलं आणि तपासता येणारं काम घरोघरी सोडलं. कामाची फाळणी नेमकी योग्य जागी झाली. एखाद्या सल्लागार कंपनीनं महिनाभर खपून अहवाल दिला असता तरी यापेक्षा शहाणी रेघ ओढली नसती.

पुढची सगळी व्यवस्था याच एका निर्णयातून निघाली. उडीद, हिंग, मिरी यांची खरेदी मध्यवर्ती झाली, पीठ मिसळून शाखांना जाऊ लागलं. उडीद म्यानमारचा, हिंग अफगाणिस्तानचा आणि मिरी केरळची. शाखांचा दिवस पहाटे सुरू होतो. संस्थेची मिनीबस बायकांना घेऊन येते. आदल्या दिवशीचे पापड तपासून, मोजून जमा होतात, लाटणावळ हातात पडते आणि नवं पीठ घेऊन बाई घरी परतते. दिवसभरात घरच्या वेळा सांभाळून लाटायचं. ज्या बाईला नवरा, सासू किंवा लहान मूल यांपायी आठ तास बाहेर राहणं शक्य नव्हतं, तिच्यासाठी ही रचना म्हणजे कमाईचं एकमेव खुलं दार होतं. आणि रोजच्या रोज मिळणारा पैसा तिच्याच हातात पडत होता. या तपशिलाचं मोल फार मोठं आहे.

विक्रीच्या बाजूलाही तीच शिस्त. माल उधारीवर सोडायचा नाही. वितरक माल उचलतो तेव्हाच पैसे देतो. बायकांना रोज पैसे द्यायचे तर पैसा रोज यायलाच हवा. ज्या संस्थेचं सहा महिन्यांचं येणं बाजारात अडकलेलं असतं तिला असं वागणं झेपत नाही.

१९६२ साली मालाला नाव हवं म्हणून बायकांतच स्पर्धा घेतली. पाच रुपयांच्या बक्षिसावर धीरजबेन रुपारेल यांनी सुचवलेलं ‘लिज्जत’ निवडलं गेलं. १९६२-६३ ची विक्री १ लाख ८२ हजारांवर पोचली. त्याच सुमारास एक प्रयत्न फसलाही: १९६१ मध्ये मालाडला काढलेली शाखा चालली नाही. तरीही घाई करून दुसरीकडे झेंडा रोवण्याऐवजी त्या गिरगावचंच काम घट्ट करत राहिल्या. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजरातेत वालोडला निघाली ती १९६८ मध्ये.

त्याआधी १९६६ चा निर्णय आहे, आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. संस्थेला कायद्याचं रूप द्यायचं होतं. महाराष्ट्रात तेव्हा सहकाराचे दिवस होते. प्रवरेचा साखर कारखाना उभा राहून दीड दशक झालं होतं आणि १९६० चा राज्याचा सहकार कायदा ताजा होता. खाजगी कंपनी काढणंही शक्य होतं. बायकांनी जुलै १९६६ मध्ये १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवली. सप्टेंबरात खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली, करसवलती मिळाल्या आणि आठ लाख रुपयांचं खेळतं भांडवलही. सहकारी संस्थेत शासनाचं भागभांडवल येतं, निबंधक येतो आणि मागोमाग तालुक्याचं राजकारणही येतं. कंपनीत भाग विकत घेणारा येतो, मग तो पापड लाटत असो वा नसो. नोंदणीकृत सोसायटीत मालकी विकता येत नाही. जी लाटते, ती सभासद. काम हेच सभासदत्व.

पुरुषांना सभासद होता येत नाही. ते गाडी चालवतात, हिशेब लिहितात, पगार घेतात. मत नाही. एकवीस जणींचं मध्यवर्ती मंडळ आहे आणि प्रत्येक शाखेला संचालिका. निर्णय एकमतानं घ्यायचा आणि कुठल्याही बहिणीनं हरकत घेतली तर तो पुढे न्यायचा नाही, अशी रीत आहे. शाखेचा नफा त्या शाखेतल्या बहिणींत सारखा वाटला जातो आणि तोटाही त्यांनीच सोसायचा असतो. एका शाखेचं अपयश दुसरीच्या गळ्यात पडत नाही. विकेंद्रित संस्थांना मारणारं दुखणं बहुधा हेच असतं, की चांगल्या चालणाऱ्या शाखा आजारी शाखांचं ओझं ओढत राहतात आणि शेवटी सगळ्याच बसतात.

याच मुंबईत दुसरी वाटही चालून पाहिली गेली. गिरणगावात खानावळी चालवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना घेऊन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तिथला प्रश्न वेगळा होता. प्रत्येक बाईचा धंदा तिचा स्वतःचा होता, गिऱ्हाईकही ठरलेलं होतं, आणि अडत होतं ते सावकाराच्या व्याजापाशी. म्हणून तिथे बँकेचं कर्ज मिळवणं हीच पहिली लढाई ठरली. पोपट आणि पुरव यांच्या वाटा उलट्या दिसतात, पण दोघींनी आपल्या बायकांची नड नेमकी ओळखली.

सत्तरच्या दशकात लिज्जतला विस्ताराची ओढ लागली. १९७४ मध्ये खाखरा आला, १९७६ मध्ये मसाले, मग वड्या आणि बेकरीचे पदार्थ. १९७५ मध्ये पिठाच्या गिरण्या, पाठोपाठ छपाई आणि पिशव्यांचा विभाग. हे सारं पापडाच्याच मागच्या-पुढच्या बाजूचं होतं. पण १९७९ च्या आसपास चामड्याच्या वस्तू, आगपेट्या आणि अगरबत्त्या यांतही हात घातला गेला. तिन्ही बंद पडले. साबणाची पावडर ‘ससा’ मात्र १९८८ मध्ये आली आणि राहिली. अन्नाचं सोडून साबणाकडे जाणं विचित्र वाटतं, पण ती पापडाच्याच दुकानात, त्याच बाईच्या खरेदीच्या पिशवीत जाणारी वस्तू आहे. पोचवण्याची वाट आधीच तयार होती. जे बुडालं त्याच्यासाठी कौशल्यही नवं लागत होतं आणि बाजारही.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पापड खाणारा ससा आला आणि घराघरांत ओळखीचा झाला. तो बोलका बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातचा. गच्चीवरच्या गुजराती धंद्याला सगळ्या देशात चेहरा मिळाला तो एका मराठी शब्दभ्रमकाराकडून.

२००२ पर्यंत ६२ शाखा आणि ४२ हजार सभासद झाले होते, उलाढाल ३०० कोटी. पापड ब्रिटन, अमेरिका, आखाती देशांत जाऊ लागला होता, तोही बहुतेक व्यापारी निर्यातदारांमार्फत. जसवंतीबेनना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदीत होत्या. अलीकडच्या अध्यक्षा स्वाती पराडकर पापड लाटणाऱ्या घरातूनच त्या पदावर आल्या.

या रचनेची किंमतही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एकमताचा आग्रह धरला की बदल सावकाश होतात. लाटणावळ किलोवर असते, त्यामुळे कमाईला हाताच्या वेगाची मर्यादा पडते. हात दुखला, पाठ धरली, घरात आजारपण आलं की त्या दिवसाचं वजन कमी भरतं आणि पैसेही. मालकीण म्हणून वाटणी मिळते, पण कारखान्यातल्या कामगाराला कायद्यानं मिळतं ते संरक्षण मालकिणीला आपोआप मिळत नाही. घर हेच कामाचं ठिकाण असल्यानं जागेचं भाडं, पाणी, पापड वाळवायला लागणारी मुंबईतली दुर्मीळ मोकळी फरशी, हा सगळा खर्च बाईच्या घरानं उचललेला असतो. गच्ची भरली तेव्हा वाचलेली शेड अशा हजारो घरांत विभागली गेली आहे. संस्थेचा गौरव करणाऱ्यांनी ही बाजूही मोठ्यानं बोलावी.

पापड लाटायची यंत्रं बाजारात कधीचीच आहेत आणि अनेक उत्पादक ती वापरतात. लिज्जतनं लाटणं हातातच ठेवलं. निव्वळ खर्चाचं गणित मांडलं तर यंत्र जिंकेल. पण जिथे लाटणं हेच सभासदत्वाचं कारण आहे तिथे यंत्र आणणं म्हणजे मालकिणींनाच काढून टाकणं. आता प्रश्न दुसऱ्या बाजूनं येतो. लाटणावळीच्या पैशांवर ज्या मुलींना कॉलेजात धाडलं त्या उद्या पोळपाटाशी बसणार नाहीत, आणि बसू नयेत अशीच त्यांच्या आयांची इच्छा असते. शहरांत नवे हात मिळणं अवघड होत जाणार, तर शाखा लहान गावांकडे सरकवायच्या का? मग पहाटेची बस किती लांब धाडायची?

संस्थेनं चपात्या विकायला घेतल्या, त्यात या प्रश्नाचं एक उत्तर दिसतं. चपाती ताजीच लागते. ती म्यानमारहून येत नाही आणि लंडनला जात नाही. तिचं गिऱ्हाईक शाखेच्या आसपास राहतं, सकाळी डबा भरायची घाई असलेलं. लाटायचं कौशल्य तेच, वाळवायला जागा नको, आणि माल त्याच दिवशी विकून पैसे मोकळे. त्यासाठी मात्र बायकांना शाखेत येऊन, एका छपराखाली उभं राहून काम करावं लागतं. १९६१-६२ मध्ये जी शेड टाळली होती, ती या कामाला लागतेच.