तेलात बुडालेल्या तांब्याचं तापमान

भोपाळच्या भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्यात तयार होणारा मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर म्हणजे पोलादी टाकी आणि तिच्यात तेलात बुडालेलं तांब्याचं वाइंडिंग. पूर्ण भारावर हे तांबं किती तापतं, हे चाचणीत सिद्ध करावं लागतं. तेलाचं तापमान सहज मोजता येतं, पण तांबं तेलापेक्षा जास्त गरम असतं आणि सगळीकडे थर्मामीटर पोचत नाही. तिथे कामाला येतो तो शाळेतला भागाकार: व्होल्ट भागिले अँपिअर.

हा कारखाना मूळचा १९५६ मध्ये स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेडचा. तंत्रज्ञान ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजचं. नोव्हेंबर १९६० मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, १९७४ मध्ये तो भेलमध्ये विलीन झाला. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती त्याच्याभोवतीच वाढल्या.

चाचणीची रीत अशी. हिशेब समजावा म्हणून आकडे सोयीचे घेतो. थंड वाइंडिंग २५ अंशांवर आहे. त्यातून १० अँपिअर सोडले आणि टोकांवर २.६ व्होल्ट मिळाले, म्हणजे रोध ०.२६ ओहम. भार देऊन तापवल्यावर त्याच १० अँपिअरला ३.२ व्होल्ट लागले, रोध ०.३२ ओहम. तांब्याचा रोध तापमानात २३५ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या प्रमाणात बदलतो. २५ अधिक २३५ म्हणजे २६०, रोध ०.३२ भागिले ०.२६ पट झाला, म्हणून २६० चे ३२० झाले. त्यातून २३५ वजा करा: ८५ अंश. टाकी न उघडता वाइंडिंगचं सरासरी तापमान हाती आलं!

हे दिसतं तितकं सोपं मात्र नाही. एसीवर व्होल्ट भागिले अँपिअर केलं तर रोध मिळत नाही, वाइंडिंगचा चुंबकीय विरोधही त्यात मिसळतो. म्हणून डीसी वापरतात. पण त्याच चुंबकीय गुणामुळे डीसी धारा स्थिरावायलाही वेळ लागतो. व्होल्टमीटरच्या तारा वेगळ्या जोडाव्या लागतात, नाहीतर धारा नेणाऱ्या तारांचा रोधही मोजला जातो. शिवाय भार काढताच तांबं निवू लागतं. मग ठरावीक अंतरानं रोध मोजत राहायचं आणि आलेख मागे ओढत भार काढल्याच्या क्षणापर्यंत न्यायचा. मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत देखणा वाटतो. धारा स्थिर राखण्याची काळजी व्होल्ट-अँपिअरचा हा नियम मांडणाऱ्या खुद्द ओहमलाही घ्यावी लागली होती: त्या काळच्या बॅटऱ्या भरवशाच्या नव्हत्या, म्हणून त्यानं तांबं आणि बिस्मथ यांच्या सांध्यांतल्या तापमानफरकातून वीज मिळवली. त्या नियमाचा त्याचा ग्रंथ आला १८२७ मध्ये.

आता शक्ती पाहू. ३.२ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे ३२ वॅट. त्याच वाइंडिंगमधून १,००० अँपिअर गेले तर धारा शंभरपट होते, उष्णता मात्र दहा हजारपट: ३२० किलोवॅट. भोवरी प्रवाहांचा तोटा याशिवाय.

उष्णता अशी धारेच्या वर्गानं वाढते, म्हणूनच लांब पल्ल्याच्या वाहिन्यांचा दाब वाढवत नेऊन धारा कमी करतात. भोपाळ आणि धुळे इथली ७६५ केव्हीची उपकेंद्रं एकाच पारेषण योजनेतली. तेवढीच वीज तशाच तारांतून ४०० ऐवजी ७६५ केव्हीनं नेली, तर तारांतली उष्णता जवळपास २७ टक्क्यांवर येते. भोपाळच्या उत्तरेला बीना इथे पॉवरग्रिडचं १,२०० केव्हीचं चाचणी केंद्र आहे. त्यासाठी भेलनंही ट्रान्सफॉर्मर बनवला. त्या दाबाला हा तोटा ४०० केव्हीच्या नवव्या हिश्श्यावर येतो, मात्र तिथे खरी परीक्षा तांब्याची नसते, इन्सुलेशनची असते.