सिबिल वाढवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका



खरिपाच्या पीक कर्जाचे दिवस आले की बँकेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तुमचं सिबिल बसत नाही." नेमक्या याच दिवसांत फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर आणि कधी बँकेच्या दारातसुद्धा "7 दिवसांत सिबिल क्लिअर, 750 स्कोअरची गॅरंटी" म्हणणारे लोक भेटतात. मेसेज थोडा मोठा आहे, पण अशा कुणालाही पैसे किंवा कागद देण्याआधी पूर्ण वाचा.

*सिबिल म्हणजे काय?*
आपण कुठून कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले का, कुणाला जामीन राहिलो, याची नोंद बँका आणि फायनान्स कंपन्या क्रेडिट माहिती कंपन्यांकडे पाठवतात. भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. या नोंदींवरून 300 ते 900 मधला स्कोअर निघतो.

मुख्य गोष्ट ही की, *नोंद बँक पाठवते आणि बँकेने मान्य केल्याशिवाय ती बदलत नाही.* सिबिलमध्ये कुणाची कितीही "ओळख" असली तरी खरी थकबाकी पुसता येत नाही. आणि नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला एक रुपयाही लागत नाही. मग एजंटला पैसे कशाचे द्यायचे?

*फसवणारा कसा ओळखायचा?*
🔴 काम व्हायच्या आधीच फी मागतो.
🔴 ठरावीक स्कोअरची गॅरंटी देतो. अशी गॅरंटी बँकसुद्धा देऊ शकत नाही.
🔴 "बँकेत जाऊ नका, सगळं आम्हीच बघतो" म्हणतो.
🔴 आधार, पॅन, कोरा चेक, ओटीपी मागतो किंवा स्क्रीन दिसणारं ॲप फोनमध्ये टाकायला लावतो.
🔴 थकबाकीची रक्कम "सेटलमेंट"च्या नावाखाली स्वतःच्या यूपीआयवर मागतो. कर्जाचे पैसे फक्त बँकेत, आपल्या कर्ज खात्यावरच भरायचे आणि पावती घ्यायची.
🔴 वाढलेल्या स्कोअरची पीडीएफ किंवा बँकेच्या लेटरहेडवरचा नो ड्यूज दाखला पाठवतो. दोन्ही कॉम्प्युटरवर बनवता येतात. बँक स्वतःच्या सिस्टिममध्ये बघते, तेव्हा जुनीच नोंद दिसते.

यात फी बुडते तेवढंच नुकसान नाही. आपले कागद आणि ओटीपी हातात आले की आपल्या नावावर ॲपवरून दुसरं कर्ज काढता येतं. त्याचे हप्ते थकतात आणि स्कोअर आणखी पडतो. काही एजंट एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकतात. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात दिसते, त्याचाही स्कोअरवर परिणाम होतो.

*आपलं काम आपणच करा*

*1) अहवाल काढा.* चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरच जा आणि "मोफत वार्षिक अहवाल" हाच पर्याय निवडा. तिथे पैसे भरायचे प्लॅनही दाखवतात, त्यांची गरज नाही. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

*2) अहवालात हे तपासा:*
✅ नाव, पॅन, मोबाईल नंबर आपलाच आहे का?
✅ आपण न घेतलेलं कर्ज दिसतं का?
✅ फेडलेलं किंवा कर्जमाफीत बसलेलं खातं अजून थकीत दिसतं का?
✅ आपण जामीन असलेल्या कर्जाची थकबाकी आहे का?
✅ "सेटल्ड" असा शेरा आहे का? बँकेने कमी रकमेत तडजोड केली की हा शेरा येतो आणि पुढची बँक तो बघते. पूर्ण रक्कम भरली तर "क्लोज्ड" येतं.

*3) चूक असेल तर अर्ज करा.* समजा, ट्रॅक्टरचं कर्ज तुम्ही पूर्ण फेडलं आहे, तरी अहवालात थकबाकी दिसते. नो ड्यूज दाखला आणि खाते उतारा जोडून शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. क्रेडिट माहिती कंपनीच्या वेबसाइटवरही त्या नोंदीवर हरकत नोंदवा. हेही मोफत आहे. 30 दिवसांत तक्रार निकाली निघाली पाहिजे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. म्हणून तक्रारीचा नंबर आणि तारीख जपून ठेवा.

*4) नोंद खरी असेल तर* शाखेत जाऊन थकबाकीबद्दल बोला. रक्कम भरल्यावर पुढचे हप्ते वेळेवर जात राहिले की स्कोअर हळूहळू सुधारतो. त्याला महिने लागतात, 7 दिवसांत होत नाही.

पीक कर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असं मुख्यमंत्र्यांनी मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना सांगितलं होतं. शाखेने फक्त स्कोअरवरून नाही म्हटलं, तर नकाराचं कारण लेखी मागा.

*तक्रार कुठे करायची?*
📌 *पैसे गेले असतील:* लगेच *1930* वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. मग पोलीस ठाण्यात तक्रार द्या. एजंटचा नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआय व्यवहार क्रमांक पुसू नका.
📌 *पैसे गेले नाहीत, पण फोन किंवा मेसेज आला:* "संचार साथी" वर "चक्षु" मध्ये कळवा.
📌 *बँक किंवा क्रेडिट माहिती कंपनी 30 दिवसांत दाद देत नाही:* रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन *14448*.
📌 *कागद आधीच दिले असतील:* आजच शाखेत सांगा, कोरा चेक दिला असेल तर तो थांबवा आणि महिनाभराने पुन्हा अहवाल तपासा.

फसलो हे सांगायला लाज वाटते, म्हणून बरेच जण गप्प बसतात आणि तोच एजंट शेजारच्या गावात जातो. तुम्ही कळवलंत तर पुढचा शेतकरी वाचेल.

*आपल्या कंपनीने सिबिलच्या कामासाठी कोणताही एजंट नेमलेला नाही.* कंपनीचं नाव सांगून कुणी आलं तर आधी कार्यालयात विचारा. अहवाल काढायला किंवा अर्ज लिहायला अडचण असेल तर फोन आणि पॅन कार्ड घेऊन कार्यालयात या. मदत मोफत आहे. ओटीपी मात्र तुम्हीच टाकायचा, आम्हालाही सांगायचा नाही.

घरातल्या आणि गटातल्या सर्वांना हा मेसेज वाचून दाखवा.

– संचालक मंडळ, आपली शेतकरी उत्पादक कंपनी