जत्रेतील दुकान आणि विमा

पौषी पौर्णिमा जवळ आली की वाई तालुक्यातील मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेची दुकाने उभी राहतात. बांबू, कापड आणि दोर एवढ्यावरच उभारलेल्या पालांत बांगड्या, खेळणी, कुंकू व मिठाई मांडलेली असते. यात्रेकरूस ती मौज वाटते. परंतु त्या चार फळ्यांवर एखाद्या कुटुंबाचे सारे भांडवल असते. माल पुष्कळदा उधारीने आणलेला, आणि ती फेडण्याची सारी आशा दोन-चार दिवसांच्या विक्रीवर.

२५ जानेवारी २००५ रोजी ह्याच डोंगरावरील अरुंद वाटेत चेंगराचेंगरी होऊन ३०० च्या आसपास भाविक मृत्युमुखी पडले. प्रक्षुब्ध जमावाने दुकानांना आगी लावल्या. गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले. एवढ्या मनुष्यहानीपुढे मालाच्या हानीची कथा ती काय, असे कोणीही म्हणेल, व ते योग्यच होय. तथापि आग विझली तरी उधारी विझत नाही. अशा प्रसंगासाठीच विमा असतो. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर आपत्ती कोसळेल त्यास त्यातून सावरावे, हे त्याचे साधे तत्त्व आहे.

जत्रेतील दुकानदारास तीन प्रकारची भीती असते. पहिली स्वतःच्या देहाची. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारास वर्षाला अवघे २० रुपये भरून अपघाती मृत्यूबद्दल २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. दुसरी भीती मालाची. लहान उद्योगांकरिता १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ह्या नावाचा विमा मिळू लागला. त्यात आग, स्फोट, वादळ, पूर आणि दंगल ह्यांचा समावेश होतो. गर्दीत उचलेगिरी झाली किंवा पावसामुळे गिऱ्हाईकच फिरकले नाही, तर मात्र त्यातून भरपाई मिळत नाही. तिसरी भीती परक्याच्या नुकसानीची. भजी तळणाऱ्याच्या शेगडीने शेजारचे पाल पेटले, तर ती जबाबदारी निराळी आणि तिचा विमाही निराळा घ्यावा लागतो.

परंतु खरी मेख हप्त्यात नसून जागेत आहे. मालाचा विमा सामान्यतः करारपत्रात लिहिलेल्या जागेपुरताच असतो. घरच्या गाळ्याचा पत्ता देऊन विमा उतरविला आणि माल जत्रेच्या माळावर नेला, तर आपत्तीच्या वेळी कागद हाती असूनही पैसा हाती येत नाही, असे घडू शकते. म्हणून कोणत्या जत्रेत, किती दिवस व कापडी पालात माल राहणार, हे आधीच कळवून लेखी मान्यता घ्यावी. कापड चटकन पेटते, ह्यास्तव कंपनी हप्ता वाढवील किंवा विमा नाकारीलही. तरीपण ही गोष्ट दडवू नये. विम्याचा सारा व्यवहार सचोटीवर उभा आहे.

किंमतही खरी सांगावी. १ लाखाच्या मालाचा ५० हजारांचाच विमा उतरविला आणि ४० हजारांची हानी झाली, तर प्रमाणाच्या नियमाने २० हजारच पदरी पडतात. खरेदीच्या पावत्या दुकानात न ठेवता घरी ठेवाव्यात. मालाबरोबर पुरावाही जळाला, तर हानी सिद्ध करणे फार कठीण जाते.

हे नियम अवघड नाहीत. पण ते बारीक अक्षरांच्या छापील कागदात दडलेले असतात, आणि ज्याला त्यांची सर्वांत अधिक गरज, त्याला ते वाचण्यास उसंत नसते. ज्या घरात दरवर्षी ठराविक दुकानातूनच बांगड्या भरल्या जातात, त्या घरातील एखाद्या शिकलेल्या मुलाने वा मुलीने त्या दुकानदाराचा अर्ज भरून द्यावा आणि जागेचा रकाना त्यास मोठ्याने वाचून दाखवावा. घासाघीस करून वाचविलेल्या पाच रुपयांपेक्षा ह्या अर्ध्या तासाचे मोल कितीतरी अधिक ठरेल.